पणजीचं माहेर कोणतं?

तुझ्या लेकीला आता 'ही कोण, तो कोण' असं विचारायचं वय आलंय, म्हणून हे आत्ताच बोलते. उत्तर देताना कंटाळा करू नकोस. 'ती एक आंटी आहे' म्हणून सोडून देऊ नकोस. बाबांची आत्या असेल तर बाबांची आत्या म्हण, आजीची मामेबहीण असेल तर तसं सांग. पोर चारदा विसरेल आणि पाचव्यांदा स्वतःच कुणाला तरी समजावून सांगेल.

आपल्याकडे नात्याचा शब्द तोंडातून निघाला की बाजू कळते. काका-आत्या म्हणजे वडिलांचं घर, मामा-मावशी म्हणजे आईचं. चुलत, आते, मामे, मावस, चौघंही भाऊच. पण प्रत्येकजण कुठल्या दारातून आला ते त्याच्या नात्यातच सांगितलेलं असतं. गावागणिक हे शब्द बदलतात, तेही तिला ऐकू दे. विदर्भात वडिलांच्या थोरल्या भावाला 'मोठे बाबा' आणि त्यांच्या बायकोला 'मोठी आई' म्हणतात. जुन्या माणसांच्या तोंडी आत्यासाठी 'मावळण' यायचं. तुझ्या सासरचे शब्द आपल्यापेक्षा वेगळे असतील, तर दोन्ही शिकव. एकाला चूक ठरवू नकोस.

एक गंमत तुला ठाऊक आहे का? आपली आजी तिच्या सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्यांना 'मामंजी' म्हणायची. त्या तिच्या रक्ताच्या आत्या नव्हत्या. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांत मामाची मुलगी करायची रीत होती, काही ठिकाणी अजून आहे. मुलीच्या बाजूने पाहा: आतेभावाशी लग्न झालं की आत्याच सासू होते. पुढे नातं नसलेल्या घरात दिली तरी हाक तीच राहिली. इरावती कर्वे यांनी १९५३ साली 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा मोठा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. त्यात उत्तर हिंदुस्थानातली नाती आणि दक्षिणेतली नाती यांच्या मधला पट्टा म्हणून महाराष्ट्राची मांडणी केली आहे. उत्तरेकडे अशी लग्नं निषिद्ध, दक्षिणेत पसंतीची, आणि आपण मधे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सपिंडात लग्न नको म्हटलं. आईकडून तीन पिढ्या, वडिलांकडून पाच. पण जिथे तशी रूढी आहे तिथे ती मान्य ठेवली. आजीच्या एका हाकेत एवढं सगळं होतं बघ.

आता ज्यासाठी हे सगळं बोलतेय ते सांगते.

आपल्याकडे घराण्याची गोष्ट सांगायची म्हणजे मूळपुरुषापासून सुरुवात. अमक्याचा मुलगा तमका, त्याचे तीन मुलगे, त्यांच्या तीन शाखा. कुणाच्या कपाटात छापील कुलवृत्तांत असतो. कोल्हापूर-सांगली-बेळगावकडे सुगीनंतर हेळवी बैल घेऊन दारात येतात आणि वंशावळ वाचून दाखवतात. त्र्यंबकेश्वराला किंवा काशीला गेलं की आडनाव आणि मूळ गाव सांगायचं, म्हणजे तीर्थोपाध्याय आपल्या घराण्याची वही काढतात. पणजोबांची सही तिथे सापडली की माणूस हळवा होतो. हे सगळं मोलाचं आहे, मी ते कमी लेखत नाही. पण ही सगळी मांडणी भावकीची आहे. ज्यांचं सुतक आपल्याला लागतं ती भावकी. ज्यांच्याशी लग्नं जुळतात ते सोयरे. बाई जन्मते एका भावकीत आणि जाते दुसरीत, त्यामुळे दोन्हीकडच्या कागदांवर ती अर्धीच उरते. माहेरच्या वंशावळीत 'कन्या', सासरच्या वंशावळीत 'पत्नी'. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा गावोगाव घरांनी जुनी दप्तरं बाहेर काढली, मोडी वाचणारे शोधले. त्या शोधातही कागद लागतो तो वडिलांकडच्या रक्तनात्याचा.

त्यात आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचं, आणि माहेरी पंधरा-वीस वर्षं जी हाक ऐकली ती तिथेच थांबायची. नंतर ते नवं नावही कुणी घ्यायचं नाही. धाकटे दीर 'वहिनी' म्हणत, पुतणे 'काकू' म्हणत. एकत्र घरात तर पोटची पोरंही ऐकून ऐकून आईला 'वहिनी' किंवा 'काकी' म्हणायची, तू जुन्या माणसांकडून ऐकलं असशील. म्हणजे आयुष्यभर ती कुणाची तरी कोण होती तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. मला याचं फार वाईट वाटतं. ज्या बाईने घर चालवलं, सात बाळंतपणं काढली, दुष्काळात दाणे पुरवून पुरवून खाऊ घातलं, तिचं जन्माचं नाव तिच्या पणतीला माहीत नसावं, हे मला बरोबर वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: तू वंशावळ लिहायला घेशील तेव्हा बायकांपासून सुरुवात कर. तू, आई, आईची आई, तिची आई. मग तशीच सासूबाईंकडून वर जा. प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिही: माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव आणि घरात तिला काय हाक मारत. पुरुषांची नावं कुठे ना कुठे सापडतातच, ती नंतरही भरता येतील.

विचारायचं कसं, तेही सांगते, कारण इथेच पोरी अडतात. आजीसमोर वही-पेन घेऊन बसलीस तर ती म्हणेल, 'अगं, आमचं काय असणार सांगण्यासारखं?' आणि विषय संपेल. त्यापेक्षा तिच्या हाताला काम असताना विचार. मेथी निवडताना, वाती वळताना बायका आपोआप बोलतात. 'तुझं लहानपण कसं होतं' असला मोठा प्रश्न नको. 'माहेरी तुझ्या जवळ कोण झोपायचं?', 'पहिल्या बाळंतपणाला सुईण कोण होती?', 'आईने पाठवणीला काय बांधून दिलं होतं?' असं विचार. घरातले पुरुष समोर असले तर त्या जपून बोलतात, म्हणून दुपारची वेळ गाठ. फोनवर आवाज घ्यायचा असेल तर आधी विचार, चोरून घेऊ नकोस. आणि दोन बहिणी एकच गोष्ट दोन तऱ्हेने सांगतील, तेव्हा भांडण लावू नकोस. दोन्ही लिही, कोण काय म्हणाली त्यासकट.

पाठची बहीण, पाठचा भाऊ, म्हणजे आपल्यानंतर जन्मलेला, हेही विचारायला विसरू नकोस. त्यातून लहानपणी गेलेली भावंडं कळतात. त्यांची नावं कुठल्याही छापील वंशावळीत नसतात, पण आजीला ती पाठ असतात.

देवघरातही बघ. बऱ्याच घरांत कुलदैवताच्या टाकांबरोबर एखादा पूर्वजाचा टाक असतो. तो कुणाचा, कधी बसवला, विचार. अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला घालतात ती कुणाच्या नावाने, ते विचार. कुळाचारात एखादी भाजी वर्ज्य असेल, एखाद्या दिवशी तवा ठेवत नसतील, तर त्यामागे बहुतेक वेळा एक घडलेली गोष्ट असते आणि त्या गोष्टीत पुष्कळदा एक बाई असते.

कागद शोधायचे तर तहसील कार्यालयात चौकशी कर. पूर्वी गावात जन्म-मृत्यूची नोंद 'कोतवाल बुक'मध्ये, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये होत असे. जुन्या नोंदी मोडीत असतात, वाचून घ्याव्या लागतात. शाळेचे दाखले, जुन्या लग्नपत्रिका, फोटोंच्या पाठी लिहिलेलं, सगळं बघ. तू स्वतः फोटोच्या पाठी लिहिशील तेव्हा मऊ पेन्सिलीने लिही, बॉलपेनने वळ उठतात.

आणि फेरफार जरूर काढ. आजोबा वारल्यावर वारसनोंद होते, तिथे आत्यांची नावं येतात. जुन्या सातबाऱ्यावर ती बहुधा 'इतर हक्क' या रकान्यात टाकलेली असत, आणि पुढच्या एखाद्या फेरफारात हक्कसोडपत्राने निघून जात. आपल्या घराण्याच्या मुली सरकारी कागदावर दिसतात त्या पुष्कळदा नेमक्या नाव कमी होण्याच्या वेळी. म्हणून तुला थोरली बहीण म्हणून सांगते, हे फक्त गोष्टींपुरतं ठेवू नकोस. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की दुरुस्ती आली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही. हक्क सोडायचा की नाही, हा तुझा निर्णय. भावावर माया आहे म्हणून सोडलास तरी मी तुला नावं ठेवणार नाही. पण वाचून, समजून, स्वतःच्या मनाने सही कर. सणाला माहेरी गेलीस आणि कुणी कागद पुढे केला म्हणून करू नकोस.

जपायचंही असतं बरं. खणत गेलीस की दुखरं काही निघेलच. कुणाची लेक कायमची माहेरी राहिली, कुणाचं मूल जावेच्या ओटीत घातलं, कुणी रागाने घर सोडून गेलं. हयात माणसाचं गुपित त्याला न विचारता लिहू नकोस, आणि चारचौघांत तर काढूच नकोस. दत्तक आलेलं मूल, सावत्र आई, मानलेला भाऊ यांना वंशावळीत कोपऱ्यात ढकलू नकोस. ज्याने ज्या घरात जीव लावला ते त्याचं घर. आणि या सगळ्यातून 'आमचं घराणं केवढं उच्च' असं पोरीच्या मनात भरवू नकोस. तिला माणसं कळावीत एवढ्यासाठी हे करायचं.

आईकडचं नातं आपल्या परंपरेतही अगदीच पुसलेलं नाही. श्राद्धात वडिलांच्या तीन पिढ्यांबरोबर मातामहांच्याही तीन पिढ्या येतात. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्याच दिवशी, आजेपाडवा असतो. त्या दिवशी मुलीचा मुलगा आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो. आणि आता सरकारी कागदही थोडा बदललाय: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं आहे. ती सोय आपल्या आजीला नव्हती.

दूर गेलेल्यांना याची किंमत जास्त कळते. मॉरिशसला आपल्या कोकणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्या मराठी घरांची पाचवी-सहावी पिढी आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत येते आणि आगमनाच्या नोंदवह्यांतून पूर्वजाचं नाव, बापाचं नाव आणि गाव शोधते. गावाचं नाव इंग्रजी कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलेलं, तरी त्यावरून लोक रत्नागिरीपर्यंत येऊन पोचतात. आपल्याला तर नुसतं उठून मावशीकडे जायचंय.

तर आधी मोठ्या मावशीला फोन लाव. आईच्या बाजूचं सगळं आता तिलाच तेवढं ठाऊक आहे, आणि तिला हल्ली ऐकू कमी येतं, म्हणून प्रत्यक्ष भेटायचं ठरव. दुपारी चारनंतर ती मोकळी असते. लेकीला बरोबर ने, आणि नावं तिच्याच हाताने लिहून घे.