मुलाला शब्द का सापडत नाहीत ?



लागणीपासून खोडव्यापर्यंतची माहिती आपण या पानांवर नेहमी वाचता. या खेपेस घरातल्या पोराबाळांविषयी थोडे लिहितो.

चौथी-पाचवीतले एखादे मूल धडा घडाघडा वाचते, पण 'काय वाचलंस ?' म्हटले की गप्प बसते. घरात 'मठ्ठ आहे' असा शिक्का बसतो आणि मग ते विचारायचेच सोडून देते. पुष्कळदा कारण एवढेच असते की, वाचलेल्या ओळीतले दोन-तीन शब्द त्याला ठाऊक नसतात. अक्षर ओळखणे वेगळे, शब्द कळणे वेगळे.

'उतारा' हाच शब्द घ्या. घरात सातबाराचा उतारा, कारखान्यात साखरेचा उतारा, विषबाधा झाली तर औषधाचा उतारा. पुस्तकात मात्र छापलेले असते, 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.' मुलाच्या डोळ्यांपुढे तलाठ्याकडचा कागद आला तर त्याचे काय चुकले ? शब्द त्याच्यापाशी आहे, नवा अर्थ तेवढा जोडून द्यायचा. तसाच 'डोळा' : उसाच्या टिपरीवरचा, मोराच्या पिसावरचा. 'पेर' उसाचे आणि बोटाचेही. सरी, वरंबा, बेणे, पाचट, वाढे, मोळी हे शब्द आपल्या मुलांना न शिकवता येतात, कारण वस्तू हातात असताना ते शंभरदा कानावर पडलेले असतात. नवा शब्दही याच वाटेने येतो.

'विपुल म्हणजे पुष्कळ' असे दहादा घोकून घेतले तरी आठ दिवसांत विसरते. त्याऐवजी पाण्याची पाळी धरताना म्हणावे, 'यंदा विहिरीला विपुल पाणी आहे बघ.' मग विचारावे, 'आपल्याकडं आणखी काय विपुल आहे ? आणि काय नाही ?' पोरगं 'पैसा' म्हणालं तर समजावे, शब्द बसला ! दिवसाला एक-दोन शब्द पुरेत, पण तोच शब्द चार दिवसांनी दुसऱ्या कामात पुन्हा यावा.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले, ते खडे, शिंपले, पाने, बिया हाताशी घेऊन. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणावरच शाळा भरवली. तेव्हा आई-वडील शिकलेले नाहीत ही अडचण मानू नये. आजीची गोष्ट, उखाणे, कोडी यांत शब्दांचा भरपूर साठा असतो. मोबाईल मुलाला ऐकवतो खूप, पण त्याचे ऐकून घेत नाही.

मूल 'पानी' म्हणाले तर थट्टा करू नये. 'हां, पाणी आलं का पाटाला ?' असे आपण नीट बोलून पुढे जावे. घरची बोली सोडायला लावण्याची काहीच गरज नाही. हंगामात फडावर आलेल्या तोडणी मजुरांच्या मुलांची शाळा तर मध्येच तुटते. ती मुले आपल्या वस्तीजवळ असतील तर गोष्टीला त्यांनाही हाक मारावी.

एक गोष्ट आधी पाहावी. हाक मारली तरी मूल वळत नाही, सारखे 'आं ?' करते, कान वाहतो, असे असेल तर कानात तेल न घालता डॉक्टरांना दाखवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व शाळेत तपासणीस येतात. त्या दिवशी मुलाला शेतावर न नेता शाळेत पाठवावे आणि ऐकण्याची शंका पथकाला मुद्दाम सांगावी.