वीडरचा टायर रोज बसतोय? आधी हवा कुठून जाते ते शोधा



मागच्या महिन्यात एका गटाच्या अवजार बँकेत गेले, तर ऐन खुरपणीत पॉवर वीडर उभा! "मॅडम, सकाळी हवा भरली की दुपारी टायर बसतो." तालुक्याला नेऊन पंक्चर काढून आणलं होतं, तरी तेच. चाक उघडलं तर बाभळीचा काटा टायरमध्ये तसाच. ट्यूबला पॅच लागला, काटा कुणी काढलाच नाही. तोवर दोन दिवसांचं भाडं बुडालं आणि ताईंना मजूर लावावे लागले.

म्हणून हा क्रम लक्षात ठेवा. हातगाडीच्या चाकालाही हाच चालतो.

१. इंजिन बंद करून गार होऊ द्या. मशीनखाली ठोकळा लावा. थोडी हवा भरून वॉल, रिमची कड आणि टायरवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथून हवा जाते.

२. वॉलमधून बुडबुडे आले तर आतली पिन घट्ट करा. नाही थांबले तर पिन बदला. टोपण कायम लावा, माती आत जात नाही.

३. ट्यूब असेल तर आधी सगळी हवा सोडा, मगच रिमचे नट-बोल्ट खोला. हवा असताना खोललं तर रिम उडून लागू शकते. ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधा, खूण करा. पुसून, सॅंडपेपरने घासून सोल्यूशन लावा. ते सुकल्यावरच पॅच दाबून बसवा. ओल्या सोल्यूशनवर पॅच टिकत नाही.

४. टायर आतून जाड फडक्याने पुसा. फडकं अडकेल तिथे काटा आहे. तो काढल्याशिवाय ट्यूब घालू नका.

५. ट्यूबलेस टायरची कडेने हवा जात असेल तर रिमवरचा चिखल आणि गंज साफ करा, कडेला साबणाचं पाणी लावून पुन्हा हवा भरा.

जास्तीत जास्त किती हवा चालते ते टायरवर लिहिलेलं असतं. चाक लहान, हवाही कमी लागते. कॉम्प्रेसरने जास्त भरली तर टायर फुटू शकतो. शक्यतो हातपंप वापरा.

पॅच, सोल्यूशन, सॅंडपेपर, वॉल पिन आणि पाना गटाच्या पेटीत ठेवा. येत्या मासिक बैठकीत एक चाक सगळ्यांसमोर उघडू. मी फक्त बघणार, पाना तुमच्या हातात!

तुमची क्षेत्र समन्वयक