वाचकांचे प्रश्न : सातबारा एक सांगतो, झोन दाखला दुसरे

17 सप्टेंबर 2025 रोजी बीडच्या स्थानकातून अहिल्यानगरकडे रेल्वे धावली आणि अनेक वर्षांची मागणी अखेर रुळावर आली. जमिनीच्या बाजाराने मात्र गाडीची वाट पाहिलेली नाही. धुळे-सोलापूर महामार्गालगत गेवराईपासून बीडपर्यंत ‘एन.ए. प्लॉट’, ‘यलो झोन’, ‘बँक लोन उपलब्ध’ अशा पाट्या केव्हाच उभ्या राहिल्या आहेत. या वेळचे सगळे प्रश्न त्यामुळे जमिनीचेच आहेत.

प्रश्न : आमची बीड शहरालगत दोन एकर बागायत आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 आहे. एजंट म्हणतो, जमीन यलो झोनमध्ये आली, आता एन.ए.ची भानगडच उरली नाही. खरे काय?

एजंटाचे बोलणे निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे कळण्यासाठी एकाच जमिनीच्या तीन वेगवेगळ्या वर्गवाऱ्या असतात, हे ध्यानात घ्यावे लागते.

पहिली वर्गवारी शेतीची : जिरायत, बागायत, पोटखराब. दुसरी हक्काची : भोगवटादार वर्ग 1, वर्ग 2 किंवा सरकारी. तिसरी नियोजनाची : रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, शेती, सार्वजनिक वापर. पहिल्या दोन सातबाऱ्यावर दिसतात आणि महसूल खात्याकडे असतात. तिसरी सातबाऱ्यावर शोधून सापडत नाही. ती विकास योजनेच्या नकाशावर असते आणि तो नकाशा नगरपरिषद व नगररचना कार्यालयात असतो.

पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी मिळणारा गेवराई-माजलगावचा पट्टा आणि बालाघाटावरचे आष्टी-पाटोद्याचे माळरान यांच्या सातबाऱ्यांत जिरायत-बागायतीचा फरक पडतो. त्याने रेडी रेकनरचा दर बदलतो, तुकड्याचे किमान क्षेत्र बदलते. घर बांधता येईल की नाही, हे मात्र त्यावरून ठरत नाही. बागायत जमीन रहिवासी विभागात असू शकते आणि मुरमाड जिरायत शेती विभागात.

नकाशात रहिवासी विभाग पिवळ्या रंगाने दाखवतात, म्हणून बोलण्यात ‘यलो झोन’ आला. अंतिम विकास योजनेत जमीन रहिवासी विभागात असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 42-ब नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळी अकृषिक (एन.ए.) परवानगी मागावी लागत नाही. रूपांतरणाची रक्कम भरली की वापर बदलल्याचे मानले जाते. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रासाठी 42-क हे कलम आहे, तर गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील जमिनींसाठी 42-ड. या आकारणीचे आणि सनदेचे नियम सरकार वरचेवर बदलते. म्हणून रक्कम किती, हे एजंटाकडून ऐकण्यापेक्षा तहसीलमधून लेखी घेतलेले बरे.

परवानगी एक टळली, सगळ्या नाही. रेखांकन म्हणजे लेआउट मंजूर करून घ्यावाच लागतो. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार 0.4 हेक्टरपेक्षा मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते, शिवाय अंतर्गत रस्ते वेगळे. दोन एकरांत पूर्ण दोन एकरांचे प्लॉट पडतील हा हिशेब तिथेच कोलमडतो.

सातबारा हातात घेऊन पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. समजा एकूण क्षेत्र 0.81.00 आहे, म्हणजे 81 आर, साधारण दोन एकर. त्यात लागवडीयोग्य 0.77.00 आणि पोटखराब (ब) 0.04.00 असे लिहिलेले असेल, तर ते 4 आर ओढा, रस्ता किंवा अशाच सार्वजनिक कामाखालचे आहेत. पोटखराब (अ) ही निव्वळ नापीक जागा असते, ती सुधारून लागवडीखाली आणता येते. (ब) मधल्या जागेवर प्लॉट पाडता येत नाही. बहुतेक जण एकूण क्षेत्र पाहून भाव ठरवतात आणि मोजणीच्या दिवशी वाद होतो.

जमीन बिंदुसरा नदीच्या जवळ असेल तर नकाशावरच्या पूररेषाही पाहाव्यात. 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होत नाही, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून होते. 1989 च्या जुलैमध्ये बिंदुसरेच्या पुराने बीडमधल्या नदीकाठच्या वस्त्यांची काय दशा केली, ते जुन्या बीडकरांना विचारावे.

थोडक्यात, या वाचकांनी नगरपरिषदेत किंवा नगररचना कार्यालयात गट क्रमांक देऊन अर्ज करावा आणि झोन दाखला व भाग नकाशा, दोन्ही मागावेत. पूर्ण गट पिवळ्यात आहे की त्यातून विकास योजनेतला एखादा (डी.पी.) रस्ता जातो, हे भाग नकाशाशिवाय कळत नाही.

प्रश्न : गेवराईजवळ दोन गुंठे घेतोय. विकणारा म्हणतो, तुकडा असल्याने खरेदीखत होत नाही, शंभराच्या बाँडवर नोटरी करून देतो, ताबा आजच घ्या. घ्यावा का?

घेऊ नये.

नोटरीसमोर केलेल्या कागदाने स्थावर मिळकतीची मालकी बदलत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकांकडे नोंदलेले खरेदीखतच लागते. आणि ते का होत नाही, याचे कारण विकणाऱ्याने स्वतःच सांगून टाकले आहे. जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1947 च्या कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा वेगळा करून विकता येत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये सरकारने हे क्षेत्र जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे केले. दोन गुंठे, म्हणजे सुमारे 2,178 चौरस फूट, दोन्हींत बसत नाहीत.

दहा जणांनी मिळून 20 गुंठ्यांचे सामाईक खरेदीखत करायचे आणि जागेवर चुना टाकून प्लॉट वाटून घ्यायचे, ही दुसरी नेहमीची युक्ती. दस्त नोंदला जातो, सातबाऱ्यावर दहा नावे येतातही. पण कोणाचे दोन गुंठे कुठले, याचा सरकारी नकाशात पत्ता नसतो. बांधकाम परवानगी अडते, बँक कर्ज देत नाही, आणि दहातल्या एकाला विकायचे झाले की उरलेल्या नऊ जणांची मनधरणी करावी लागते.

जुन्या व्यवहारांना सरकारने वाट काढून दिली आहे. 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात नागरी आणि अकृषिक विभागांत झालेले तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा अध्यादेश नोव्हेंबर 2025 मध्ये निघाला. या वाचकांचा व्यवहार त्यानंतरचा आहे, त्यामुळे ‘पुढे सरकार करतेच नियमित’ या भरवशावर पैसे गुंतवू नयेत.

खरा एन.ए. प्लॉट ओळखायचा तर विकणाऱ्याकडे चार कागद मागावेत : अंतिम मंजूर रेखांकन (तात्पुरते नव्हे), अकृषिक सनद किंवा रक्कम भरल्याचे चलन, मोजणीनंतर भूमी अभिलेखने केलेले क.जा.प. म्हणजे कमी-जास्त पत्रक, आणि त्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका. नियोजन क्षेत्रातील प्रकल्प 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांकही हवा. प्लॉटिंग हेही त्या कायद्यात प्रकल्पच आहे, हे पुष्कळ विक्रेते सोयीस्करपणे विसरतात.

प्रश्न : आष्टी तालुक्यात आजोबांपासून आम्ही जमीन कसतो. आता सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ दिसते. आमची जमीन सरकारजमा होणार का?

वर्ग 2 म्हणजे जमीन तुमची नाही असे नव्हे. ती सरकारच्या परवानगीशिवाय विकता, गहाण ठेवता येत नाही, एवढाच त्याचा सर्वसाधारण अर्थ. पण बंधन किती कडक, हे जमीन वर्ग 2 मध्ये कोणत्या वाटेने आली त्यावर अवलंबून असते आणि मराठवाड्यात या वाटा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळ्या आहेत. बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. इथल्या जमिनींवर म्हणून आजही हैदराबादचे कायदे चालतात.

कुळाला मिळालेली जमीन असेल तर हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 मधील कलम 50-ब लागू होते. 2014 च्या दुरुस्तीनंतर, कुळाला मालकी मिळून 10 वर्षे झाली असतील, तर शेतसाऱ्याच्या 40 पट रक्कम भरून ती विकता येते. घेणारा मात्र शेतकरी असावा लागतो. सातबाऱ्यावरची आकारणी 6 रुपये असेल तर चाळीस पट म्हणजे 240 रुपये. इतक्या किरकोळ रकमेच्या कामासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल, तर पावती कशाची मिळणार ते आधी विचारावे.

मदतमाश म्हणजे उदरनिर्वाहासाठी दिलेले इनाम. अशा इनामांचे निर्मूलन 1954 च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने झाले. त्यांच्या हस्तांतरणासाठीचा 50 टक्के नजराणा 5 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये घेतला.

खिदमतमाश हे प्रकरण पूर्ण वेगळे. मंदिर, मशीद, दर्गा यांची सेवा करण्यासाठी दिलेली ही जमीन. पुजारी किंवा मुजावर पिढ्यान्‌पिढ्या कसत आला, तरी जमीन त्या संस्थेची असते. अशी जमीन बाजारात ‘स्वस्त’ मिळते तेव्हा तिच्यामागे देवस्थानचा किंवा वक्फ मंडळाचा दावा उभा असतो.

गायरान चौथे. ती सरकारी जमीन, गावाच्या गुरांसाठी राखलेली. याच जिल्ह्यातल्या एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून भूमिहीन दलितांच्या गायरान हक्कांची चळवळ मराठवाडाभर नेली. 14 एप्रिल 1990 पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा सरकारी निर्णय 1991 चा. पुढे 28 जानेवारी 2011 रोजी जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. भूमिहीनांना पट्ट्याने दिलेल्या जमिनींसारखे मोजके अपवाद त्या निकालातही आहेत.

आष्टीच्या वाचकांनी तहसीलच्या अभिलेख कक्षातून खासरा पाहणी पत्रक आणि जुने फेरफार काढावेत. वर्ग 2 हा शेरा कोणत्या फेरफाराने आला, तो क्रमांक सापडला की आपली वाट कुठली ते कळेल. गाव नमुना 1-क मध्येही वर्ग 2 च्या जमिनी प्रकारवार लावलेल्या असतात. नोंदच चुकून झालेली असेल, तर दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो.

प्रश्न : अंबाजोगाईत आमच्या जागेवर विकास योजनेत खेळाच्या मैदानाचे आरक्षण आहे. पंधरा वर्षांत नगरपरिषदेने जागा घेतली नाही, आम्हाला बांधूही देत नाहीत.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 चे कलम 127 याच अडचणीसाठी आहे. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकाला नियोजन प्राधिकरणाला खरेदी सूचना देता येते. सूचना मिळाल्यापासून 24 महिन्यांत संपादन झाले नाही आणि त्यासाठी पावलेही टाकली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. पूर्वी ही मुदत 12 महिन्यांची होती, 2015 मध्ये ती दुप्पट झाली.

नगरपरिषदेने सभेत नुसता ठराव केला म्हणजे पाऊल टाकले असे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगितले. सूचनेसोबत मालकी हक्काची कागदपत्रे जोडणे अत्यावश्यक आहे. ती अपुरी असल्याचे कारण देऊनच अनेक सूचना फेटाळल्या जातात. सूचना आवक क्रमांकासह द्यावी, कारण 24 महिने तिथून मोजले जातात. पैशांऐवजी टी.डी.आर. म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क घेण्याचा पर्याय कलम 126 मध्ये आहे. मात्र लहान शहरात टी.डी.आर.ला गिऱ्हाईक मिळेल का, हे आधी चाचपावे.

प्रश्न : पाटोद्याजवळच्या माळावर सौर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने मागत आहेत. दिल्यास जमीन एन.ए. होते का?

प्रकल्प कोणता, यावर उत्तर अवलंबून आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधील असेल तर अकृषिक परवानगीची गरज नाही. या योजनेत वर्षाला हेक्टरी 1,25,000 रुपये किंवा जमिनीच्या रेडी रेकनर किमतीच्या 6 टक्के, यांपैकी जास्त असेल ते भाडे मिळते आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ होते. खासगी सौर प्रकल्प किंवा पवनचक्की असेल तर भाव घासाघिशीचा असतो. शिवाय विनापरवाना अकृषिक वापराची नोटीस सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्यालाच येते.

म्हणून भाडेपट्टा नोंदणीकृत असावा. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या पट्ट्याला नोंदणी सक्तीचीच आहे. अकृषिक आकारणी आणि दंड कंपनीने भरायचा, जमीन कंपनीच्या कर्जासाठी गहाण टाकायची नाही, आणि मुदत संपल्यावर काँक्रीटचा पाया उपसून जमीन पूर्ववत करून द्यायची, ही तीन कलमे मराठीत लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.