शाळेतील ससा : मंदावलेले पचन आणि त्याची शुश्रूषा

(इयत्ता ३ री व ४ थी, विषय : परिसर अभ्यास)

ज्या शाळांच्या आवारात थोडी मोकळी जागा आहे, तेथे ससे पाळण्याची हौस पुष्कळ शिक्षकांना असते. ती स्तुत्यच होय. सशास जागा थोडी लागते, त्याचा खर्च बेताचा असतो आणि मुलांना त्याचा लळा लवकर लागतो. शिवाय तो गडबड करीत नाही. परंतु त्याचा हा गुणच प्रसंगी त्याच्या जिवावर बेततो. गोठ्यातील गाय आजारी पडली की ती रवंथ करीत नाही, कण्हते, आणि घरातील लहान मूलही ते ओळखते. ससा मात्र आजारी पडला तरी एका कोपऱ्यात निमूटपणे बसून राहतो. रानात ज्या प्राण्यांची शिकार होते, त्यांना आपले दुबळेपण लपविण्याची सवय निसर्गतःच जडलेली असते. म्हणून सशाचे आजारपण ‘काय झाले’ यावरून ओळखता येत नाही. ‘काय झाले नाही’ यावरून ते ओळखावे लागते. त्याने गवत खाल्ले नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, हाक मारल्यावर तो पुढे आला नाही, एवढीच त्याची भाषा.

प्रस्तुत पाठात सशाच्या एका नेहमीच्या, पण जीवघेण्या ठरू शकणाऱ्या विकाराचा, म्हणजे पचनक्रिया मंदावण्याचा विचार केला आहे. शाळेत ससा असेल तर शिक्षकास हे ज्ञान असलेच पाहिजे. तो नसला, तरी निरीक्षण व नोंद यांचे महत्त्व मुलांना पटविण्यास हा विषय उपयोगी पडेल.

सशाची ओळख

शाळेत पाळावयाचा ससा हा पाळीव जातीचाच असावा. या जातीचे पूर्वज युरोपातील, मूळचे स्पेन व पोर्तुगाल या भागांतील. आपल्या माळरानावर आढळणारा रानससा ही निराळी जात असून, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तिला संरक्षण आहे. रानसशाचे पिलू पकडून आणणे हा गुन्हा होय, हे मुलांना प्रारंभीच स्पष्ट सांगावे.

पाळीव सशाचे पूर्वज रुक्ष, काडीसारख्या गवतावर जगत आले. त्यामुळे त्याचे सारे शरीर अशाच चाऱ्याला अनुरूप घडले आहे. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावल्यानेच ते झिजून योग्य लांबीचे राहतात. लहान व मोठे आतडे जेथे मिळतात तेथे अंधनाल नावाची एक मोठी पिशवी असते. ती जठराहूनही कितीतरी मोठी असते. गवताचा जाड चोथा आतड्यातून पुढे सरकतो व कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. बारीक कण मात्र उलट अंधनालेत जातात. तेथील सूक्ष्मजीव ते आंबवितात आणि त्यांपासून मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घडाप्रमाणे एकमेकींस चिकटलेल्या लेंड्या तयार होतात. या लेंड्या ससा बाहेर पडताक्षणीच खाऊन टाकतो. मुलांना याची किळस वाटण्याचा संभव आहे. गाय एकदा गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून रवंथ करते. सशाला तसे करता येत नाही, म्हणून त्याने हा दुसरा मार्ग पत्करला आहे, असे समजावून सांगितल्यास किळस जाऊन कुतूहल उरते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयाच्या. पहिली, सशाला ओकारी होत नाही. पोटात गेलेले पुढेच सरकले पाहिजे. दुसरी, ते पुढे सरकविण्याचे काम गवताचा चोथा करतो. चोथा कमी पडला की आतड्यांची हालचाल मंदावते. मग अन्न कोरडे होऊन साचते, अंधनालेतील सूक्ष्मजीवांचा समतोल बिघडतो, वायू धरतो, पोट दुखू लागते. पोट दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. असे हे चक्र एकदा सुरू झाले की त्यातून तो आपण होऊन क्वचितच बाहेर पडतो. फार वेळ उपाशी राहिल्यास त्याच्या यकृतात चरबी साचू लागते व स्थिती अधिकच बिकट होते.

पूर्वी असा समज होता की, अंग चाटताना पोटात गेलेल्या केसांचा गोळा अडकून हा विकार होतो. थोडे केस निरोगी सशाच्याही जठरात असतातच. बहुधा हालचाल आधी मंदावते आणि केस व अन्न यांचा गोळा मागाहून घट्ट होतो, असे आता पशुवैद्यक मानतात.

विकाराची कारणे

शाळेच्या परिस्थितीत पुढील कारणे विशेष संभवतात. मुले प्रेमापोटी आपल्या डब्यातील पोळी, भाकरी, बिस्किटे, शेंगदाणे किंवा पोषण आहारातील खिचडी सशापुढे टाकतात. ससा ती आवडीने खातो, पण गवत सोडतो. चित्रांच्या पुस्तकांतून ससा नेहमी गाजर खाताना दाखविलेला असतो. वस्तुतः गाजर गोड असल्याने त्याचा लहानसा तुकडाच कधीमधी द्यावा. शनिवारी दुपारी शाळा सुटते, रविवारी कोणी फिरकत नाही, पाण्याचे भांडे कलंडते आणि ससा दीड दिवस तहानलेला राहतो. पाणी कमी पडले की आतड्यातील अन्न सुकते. वाढलेले दात गालात रुतून दुखणे, कडक ऊन, कुत्र्याची भीती, लहान खुराड्यात सतत कोंडून ठेवणे आणि सोबतचा ससा मरणे, यांमुळेही पचन मंदावते.

लक्षणे

निरोगी ससा दिवसाकाठी शंभराहून अधिक लेंड्या टाकतो. त्या साधारण सारख्या आकाराच्या असतात व चुरडल्यास आत गवताचा चोथा दिसतो. लेंड्या लहान, काळपट, कठीण किंवा वेड्यावाकड्या होणे, केसांनी एकमेकींस माळेप्रमाणे जोडलेल्या असणे, त्यांची संख्या घटणे, ही पहिली सूचना समजावी. त्यापाठोपाठ खाणे कमी होते. ससा अंग आखडून कुबड काढल्यासारखा बसतो, डोळे अर्धवट मिटतो, दात करकरा वाजवितो, पोट जमिनीस दाबून धरतो. कान थंड लागले तर स्थिती गंभीर आहे असे जाणावे. सशाच्या शरीराचे तापमान सामान्यतः ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. ते ३८ अंशांखाली उतरणे धोक्याचे आहे.

दहा-बारा तासांत सशाने काही खाल्ले नाही किंवा एकही लेंडी टाकली नाही, तर ‘उद्या पाहू’ असे म्हणू नये. माणसाला एक दिवसाचा उपवास सोसतो. सशाला तो सोसत नाही.

प्रथमोपचार

विकार लक्षात येताच पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. तेथे पोहोचेपर्यंत पुढीलप्रमाणे काळजी घ्यावी.

१. पोटास हलक्या हाताने स्पर्श करून पाहावा. ते नगाऱ्यासारखे ताणलेले व टणक असेल, तर आतड्यात अडथळा असण्याचा संभव असतो. अशा सशाच्या तोंडात काहीही घालू नये. क्षणाचाही विलंब न लावता त्यास दवाखान्यात न्यावे.

२. कान थंड असल्यास कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीशी ठेवावी. उन्हाळ्याचे दिवस असून कान अतिशय तापले असतील, तर उलट त्यास सावलीत आणून कानांस गार पाण्याचे बोट लावावे. बर्फाचे किंवा थंडगार पाणी अंगावर ओतू नये.

३. ताजे पाणी पसरट भांड्यात ठेवावे. समोर वाळलेले गवत, ओली हरळी व कोथिंबिरीच्या ओल्या काड्या ठेवाव्यात. आपण होऊन खाण्याची इच्छा झाली, तर ते उत्तम लक्षण होय.

४. जागा शांत असावी. मुलांची गर्दी होऊ देऊ नये. जोडीचा ससा असल्यास त्यास दूर करू नये. रोगी सशास इच्छा असेल तेवढे हिंडू-फिरू द्यावे. हालचालीने आतड्यांसही चालना मिळते.

५. माणसांची औषधे देऊ नयेत. यासंबंधी विशेष सावधगिरी हवी. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांसारखी औषधे गावोगावच्या दुकानांत मिळतात व घरोघरी शिल्लक असतात. ती तोंडावाटे दिल्यास सशाच्या पोटातील उपयुक्त सूक्ष्मजीव नष्ट होतात आणि ससा दगावू शकतो.

दवाखान्यात नेताना सशाला कान धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली व दुसरा मागील पायांखाली देऊन त्यास अंगाशी धरावे. त्याच्या कण्याचे हाड नाजूक असते व तडफडताना ते मोडू शकते. गवत पसरलेल्या करंडीत त्यास ठेवून नेणे चांगले. बरोबर मागील दोन दिवसांच्या लेंड्या कागदात बांधून न्याव्यात आणि शेवटचे खाणे केव्हा झाले, आहारात काय होते, हे लिहून न्यावे. तालुक्याच्या पशुवैद्यकांचे बहुतेक काम गायी, म्हशी व शेळ्यांचे असते. अशी व्यवस्थित माहिती हाती आल्यास त्यांचे निदान सुकर होते.

पशुवैद्यक वेदनाशामक देतात, कातडीखाली किंवा शिरेतून द्रव सोडतात आणि आवश्यक वाटल्यास आतड्यांना चालना देणारे औषध योजतात. अडथळा नाही अशी त्यांची खात्री झाल्यावर ते भरविण्याची सूचना देतात. त्या वेळी गवतापासून केलेले सशांचे गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून पातळ करावे आणि सुई नसलेल्या पिचकारीने, पुढील दातांच्या मागे बाजूस जी मोकळी जागा असते तेथून, थोडे थोडे तोंडात सोडावे. एका वेळी १ मिलिलिटरहून अधिक नको. ससा गिळतो आहे हे पाहूनच पुढचा थेंब द्यावा. त्यास उताणे करून कदापि भरवू नये. अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

पुन्हा लेंड्या दिसू लागल्या की सुधारणेस प्रारंभ झाला असे समजावे. पहिल्या लेंड्या लहान व ओबडधोबड असतील. एक-दोन दिवसांत त्या पूर्ववत होतात. या काळात आहारात मुख्यत्वे वाळलेले गवतच असावे. मारवेलसारखे मऊ गवत चांगले. कुसळी गवताची कुसळे तोंडात व डोळ्यांत रुततात, म्हणून ते टाळावे. कोवळ्या ज्वारीने जनावरांना किराळ लागते हे शेतकऱ्यांच्या मुलांना ठाऊक असतेच. ती सशासही घालू नये. पुढेही गवत सदैव समोर असावे, पालेभाजी बेताची असावी आणि धान्य व गोड पदार्थ वर्ज्य करावेत. २ किलो वजनाचा ससा दिवसास सुमारे १०० ते ३०० मिलिलिटर पाणी पितो, हे ध्यानी घेऊन भांडे पुरेसे मोठे ठेवावे.

वर्गातील पाठ

हेतुकथन : ‘आपला ससा आज बरा आहे की नाही, हे त्याला न विचारता कसे ओळखाल?’ या प्रश्नाने पाठाचा प्रारंभ करावा. मुलांची उत्तरे फळ्यावर लिहावीत.

निरीक्षण : एक साधी वही घेऊन तिच्यात चार रकाने आखावेत : गवत, पाणी, लेंड्या, हालचाल. दोन-दोन मुलांच्या जोडीने सकाळी शाळा भरताच व सायंकाळी सुटण्यापूर्वी नोंद करावी. ‘ठीक आहे’ असा शेरा लिहू देऊ नये. ‘गवताची पेंढी निम्मी संपली’, ‘पाणी दोन बोटे उतरले’ अशी नोंद असावी. दर आठवड्यास ससा करंडीसह तोलून त्याचे वजन लिहावे. यात वजाबाकीचाही सराव होतो. काम संपताच साबणाने हात धुण्याचा नियम कटाक्षाने पाळावा.

उपयोजन : मुलांच्या घरी गाय, शेळी, कोंबडी असते. तिच्यासाठी कोणते चार रकाने आखता येतील, हे त्यांच्याकडून काढून घ्यावे. या बाबतीत गुराख्याचा मुलगा पुष्कळदा वर्गाचा शिक्षक ठरतो. त्यास बोलू द्यावे.

पुनरावर्तन : सशाला दोन प्रकारच्या लेंड्या का होतात? बिस्किट आवडत असूनही ते का देऊ नये? रविवारी नोंद कोण करील?

हा शेवटचा प्रश्न शिक्षकाने स्वतःलाही विचारावा. रविवार, दिवाळी व उन्हाळ्याची सुटी यांत सशाची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हे नावानिशी ठरल्याशिवाय शाळेत ससा आणू नये.

एखादे वेळी सर्व उपाय करूनही ससा वाचत नाही. अशा प्रसंगी ‘तो रानात पळून गेला’ असे मुलांना सांगू नये. खरे तेच शांतपणे सांगावे. आदल्या दिवशी ज्या मुलीने त्यास बिस्किट दिले असेल, तिच्याकडे सारा वर्ग बोट दाखवील. तेथे शिक्षकाची खरी कसोटी लागते. तिने प्रेमानेच दिले होते, आणि काय द्यावे हे तिला शिकविण्याचे काम मोठ्यांचे होते, हे सर्वांसमक्ष सांगितले पाहिजे. मग वही उघडून, कोणत्या दिवसापासून लेंड्या लहान होत गेल्या, ते मुलांसह शोधावे. दोष कोणाचा हे ठरविण्यासाठी ही वही नाही. पुढच्या सशाच्या बाबतीत ती खूण एक दिवस आधी दिसावी, यासाठी ती आहे.

मुक्या प्राण्याची नोंद ठेवण्याची सवय ज्या मुलांना लागली, ती वर्गात न बोलणाऱ्या, डबा न उघडणाऱ्या आपल्या सोबत्याकडेही लक्ष देऊ लागतील. परिसर अभ्यासाच्या पाठाकडून याहून अधिक अपेक्षा ती कोणती करावी?