वॅट डब्यावर, फ्यूज पाठीमागे

यवतमाळात नवरात्र आलं की गल्लोगल्ली दुर्गादेवीचे मांडव उभे राहतात आणि आम्हा बिछायत-साऊंडवाल्यांची जागरणं सुरू होतात. अँप्लिफायरला आम्ही मशीन म्हणतो. मशीनचे वॅट कसे वाचायचे, हे मला बरंचसं जळलेल्या मशीननीच शिकवलं.

१. आधी फ्यूज पाहा. माझ्या पहिल्या मशीनच्या खोक्यावर ठळक छापलं होतं, ५००० वॅट पीएमपीओ. कर्ज काढून घेतलं. पहिल्याच मोठ्या मांडवात आवाज फाटला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मशीन उलटं केलं आणि फ्यूज दाखवला : ३ अँपिअर. “भाऊ, २३० गुणिले ३ करा.” ६९० झाले. जे लाईनमधून सतत ६९० पेक्षा जास्त ओढू शकत नाही, ते ५००० देणार कुठून? त्या ६९० मधलाही मोठा वाटा हीटसिंक तापवण्यात जातो. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या उसळीचा आकडा, आणि तो कसा मोजायचा याचं सर्वमान्य मापच नाही. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांमुळे १९७४ साली घरगुती अँप्लिफायरसाठी नियम करावा लागला. गरिबाच्या कर्जावर असा आकडा छापणं मला आजही अन्याय वाटतो.

२. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे, वॅट विचारा, आणि लगेच पुढचा प्रश्न : किती ओहमवर? ८ ओहमवर १०० वॅट म्हणजे स्पीकरच्या टोकांवर सुमारे २८ व्होल्ट सतत टिकले पाहिजेत, तेही आवाज न फाटता. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की भार ४ ओहम होतो, चार जोडल्या की २. जास्त पेट्या म्हणजे जास्त आवाज, असं समजून मी एकदा चारही एकाच चॅनलला जोडल्या. इतक्या कमी ओहमचा करंट न झेपून ऐन आरतीत मशीन बंद पडलं. हात जोडून उभी असलेली माणसं मागे वळून बघत होती, ते डोळे अजून आठवतात.

३. लहान मशीनने मोठे टॉप, म्हणजे वरच्या सुरांच्या पेट्या, जळत नाहीत, हा समज चुकीचा आहे. व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळला की लहरींचे माथे कापले जातात. पूर्ण चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लहरीपेक्षा दुप्पट वॅट टाकते. शिवाय कापण्यातून निघालेली तीक्ष्ण कंपनं सगळी टॉपमधल्या ड्रायव्हरवर जातात आणि कॉइल उडते. मशीनवरचा लाल दिवा लागत राहिला तर आवाज कमी करा, मंडळाची पोरं काहीही म्हणोत.

४. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. १ वॅटला १ मीटरवर ९५ डेसिबल देणाऱ्या पेटीला ज्या आवाजासाठी २०० वॅट लागतात, तिथे ९८ वाली १०० मध्ये भागवते. म्हणून पैसा आधी पेटीत घाला.

५. लांब वायरीच्या भोंग्यांना १०० व्होल्टची लाईन वापरा. १०० वॅट पोचवायला ८ ओहमच्या जोडणीत साडेतीन अँपिअर वाहतात, १०० व्होल्टवर एकच. वायरीतलं नुकसान करंटच्या वर्गाने वाढतं, म्हणजे इथे बारा पट फरक. भोंग्यांच्या ट्रान्सफॉर्मरचे वॅट मात्र बेरीज करून बघा : १०० वॅटच्या मशीनवर १५ वॅटचे सहा चालतील, आठ नाही.

६. एका सप्ताहात मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायांना कीर्तन कळत नव्हतं. मी मोठं मशीन आणायला निघालो होतो. पण उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि तेवढा भरून काढायला वॅट चौपट लागतात. पुढच्या ओळींचे कान तर फुटले असते. मग दोन भोंगे मांडवाच्या मध्यावरच्या खांबांना बांधले, मशीन तेच ठेवलं. थोड्या वेळाने मागच्या रांगेतून टाळ्यांचा ठेका ऐकू आला.