लेथ आधी मोजा, मग खोला!

फर्स्ट इयरला वर्कशॉपच्या जर्नलमध्ये लेथची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. (म्हणजे सिनिअरच्या जर्नलवरून उतरवली आहे!) वायवात "बेडचं काम काय?" असं विचारलं की "टू सपोर्ट ऑल पार्ट्स" एवढं म्हणून आपण सुटतो. या वाक्याचा खरा अर्थ मला दिवाळीच्या सुट्टीत, कोल्हापूरला घरी कळला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांचा साडेचार फुटी लेथ आहे. आजोबा टर्नर होते. पाच-सहा वर्षं लेथ बंद पडून होता. "जागा अडवून बसलाय, भंगारात घालू," असं काकांनी ठरवलं होतं. किलोचा भावसुद्धा ठरला होता. आजोबा काही बोलले नाहीत, पण रोज संध्याकाळी शेडचं कुलूप काढून आत जाऊन बसायचे. मी काकांकडून पंधरा दिवस मागून घेतले.

१. साफसफाई : मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात ठेवला. डिझेल आणि जुना ब्रश घेऊन चिकटलेलं तेल आणि चुरा काढला. बेडवरचा गंज काढायला मी पॉलिश पेपर घेतला, तर आजोबांनी हातच धरला. पेपरचे कण तेलात मिसळून कॅरेजखाली जातात आणि बेड आणखी खातात. तेल लावून ठेवायचं, गंज सुटला की पितळेच्या पट्टीने खरवडायचं आणि कापडाने पुसायचं.

२. झीज ओळखणे : चकजवळ कॅरेज हलत होतं, म्हणून मी जिब आवळली. मग ते टेलस्टॉककडे नेलं, तर मध्येच अडकलं! कारण सोपं आहे. बहुतेक काम चकजवळ होतं, म्हणून बेड तिथेच जास्त झिजतो. जिब कमी झिजलेल्या टोकाला बसेल इतकीच आवळायची.

३. बेअरिंग : एक बार फिरवून पाहिला, तर टेपर आला. "आजोबा, बेअरिंग गेलं. नवीन घ्यावं लागेल," मी म्हटलं. त्यांनी विचारलं, "मोजलंस का अगं?" मोजलं नव्हतं! मग स्पिंडलच्या तोंडावर डायल गेज लावला आणि लाकडी दांड्याने स्पिंडल उचलून पाहिला. काटा ०.०२ मि.मी.सुद्धा हलला नाही. बेअरिंग ठणठणीत होतं. माझ्या सांगण्यावर काकांनी खर्च केला असता तर तो फुकट गेला असता.

४. दोन कॉलरची टेस्ट : ४० मि.मी. जाडीचा बार चकमध्ये धरा, १५० मि.मी. बाहेर ठेवा. टेलस्टॉक लावू नका. दोन्ही टोकांना एकेक कॉलर ठेवून मधला भाग थोडा खाली घ्या. आता क्रॉस स्लाइडला हात न लावता, अगदी हलका कट दोन्ही कॉलरवर घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. (कट जड घेतला तर बारच वाकतो आणि माप फसवतं.) आमच्याकडे चकजवळ ३८.२० आलं आणि बाहेरच्या टोकाला ३८.३२.

म्हणजे टूल पुढे जाता जाता बारपासून लांब जात होतं. का? खाटेचा एक पाय खाली गेला की सगळी चौकट पिळते ना, तसंच बेडचं होतं. कास्ट आयर्न असलं तरी बेडला पीळ बसतो. शेडची जमीन पावसाच्या पाण्याने टेलस्टॉकच्या बाजूला पुढून खचली होती. बेड तिकडे पुढे झुकला आणि टूलही आपल्याकडे आलं. आम्ही त्या पायाचा बोल्ट सैल केला, पत्र्याची पातळ शिम घातली, बोल्ट आवळला आणि पुन्हा कट घेतला. तीन वेळा असं केल्यावर फरक ०.०२ वर आला. खर्च शून्य!

आजोबांचे हात आता थरथरतात, मायक्रोमीटर त्यांना वाचता येत नाही. पण शेवटचा कट चालू असताना ते डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते. "आता बरोबर आहे," म्हणाले. मी मोजायच्या आधी! दुसऱ्या दिवशी काकांनीच भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

आपल्या वर्कशॉपमध्येही कोपऱ्यात एक लेथ आहे. "तो टेपर मारतो" म्हणून बॅचमधलं कोणी तिकडे फिरकत नाही. त्याचा बेड झिजला असेल किंवा नुसता पीळ असेल, पण मोजल्याशिवाय कसं कळणार? सरांनी परवानगी दिली तर एक बार, एक मायक्रोमीटर आणि दोन तास पुरे. येणार का कोणी? फक्त केस आणि बाह्या नीट बांधून या, आणि चकची चावी चकमध्ये विसरू नका!