क्रीडांगणावरील प्राध्यापक

तुरी निघाल्या, रान मोकळे झाले, की वाशीम जिल्ह्यातील रिसोड-मंगरुळपीरकडच्या गावांतून एक दृश्य हमखास दिसते. तीन तुराट्या रोवलेल्या असतात, त्यांच्यापुढे फळी घेऊन एक मुलगा उभा असतो आणि दुसरा चेंडू टाकण्यासाठी दुरून धावत येत असतो. इतक्यात घरून हाक येते, "अरे, अभ्यास नाही का तुला?" खेळ आणि अभ्यास यांचे वैर आहे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ज्यांनी आपल्या दीर्घ आयुष्याने ती खोटी ठरविली, त्या प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर यांची ओळख आज आपण करून घेऊ.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. वर्गात व्याकरणाचे नियम शिकवावेत आणि मैदानावर खेळाचे नियम पाळावेत, असा त्यांचा दुहेरी व्रतस्थपणा होता. १९११ साली ते प्रथम श्रेणीच्या सामन्यांत उतरले. पहिल्या महायुद्धापूर्वी खेळू लागलेला हा खेळाडू दुसरे महायुद्ध संपल्यावरही मैदानावर होता!

१९२६ साली आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. हा बलाढ्य इंग्रज संघ भारतात आला. मुंबईच्या सामन्यात अखिल भारतीय संघाकडून खेळताना देवधरांनी १४८ धावा केल्या. भारतीय खेळाडू इंग्रजांच्या तोडीस तोड खेळू शकतात, हे त्या दौऱ्यात सर्वांना दिसून आले. पुढे १९२८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली.

१९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताने आपला पहिला कसोटी सामना खेळला. त्या संघात देवधरांचे नाव नव्हते. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. पुढेही कसोटी सामना खेळण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. मुलांनो, ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे घाम गाळला, तेच फळ हाती आले नाही, तर माणसाने काय करावे? रुसून घरी बसणे सोपे असते. देवधरांनी फळी खाली ठेवली नाही.

त्यांच्याकडे महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्व होते. 'कर्णधार' हा शब्द आपण रोज वापरतो. संस्कृतात 'कर्ण' म्हणजे सुकाणूही होय. ते हाती धरतो, तो कर्णधार. नाव कोणत्या दिशेने न्यावी, हे त्याने ठरवावयाचे असते. मात्र वल्ही सर्वांनी मारावयाची असतात. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० साली संयुक्त प्रांताचा आणि १९४०-४१ साली मद्रासचा पराभव करून लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्याच करंडकावर २०१७-१८ साली आपल्या विदर्भाने प्रथमच नाव कोरले. पुढे भारताचे कर्णधार झालेले विजय हजारे हे देवधरांच्या संघातील एक तरुण खेळाडू होते. १९३९-४० साली त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या.

तरुणांना मार्ग दाखविताना देवधर स्वतः मागे राहिले नाहीत. १९४०-४१ च्या हंगामात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. एवढ्या धावांसाठी तासन् तास उन्हात उभे राहावे लागते, पुनःपुन्हा धावावे लागते आणि प्रत्येक चेंडू पहिलाच आहे असे समजून खेळावा लागतो. नियमित सरावावाचून हे घडत नाही. १९४४-४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके झळकाविली!

खेळणे थांबले, तरी खेळाची सेवा थांबली नाही. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष, नियामक मंडळाचे उपाध्यक्ष आणि भारतीय संघाच्या निवड समितीचे सदस्य म्हणून त्यांनी काम केले. ज्यांना स्वतःला कसोटी खेळावयास मिळाली नाही, त्यांनी इतरांना कसोटीसाठी निवडले! तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या कन्यांनी राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा गाजविल्या. १९६५ साली पद्मश्री आणि १९९१ साली पद्मभूषण या सन्मानांनी देशाने देवधरांचा गौरव केला. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक स्पर्धा सुरू झाली. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षानंतर, त्यांची जीवनयात्रा संपली.

मान मिळणे न मिळणे आपल्या हाती नसते. काम नेटाने करीत राहणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती असते. ग्रंथ आणि फळी ही दोन्ही ज्यांनी सारख्याच निष्ठेने हाती धरली, त्यांच्या जीवनाचा हाच बोध आहे.

स्वाध्याय
१. 'कर्णधार' या शब्दाचा मूळ अर्थ सांगून तो खेळाला कसा लागू पडतो ते लिहा.
२. कसोटी संघात स्थान न मिळाल्यावर देवधरांनी काय केले? त्यातून त्यांचा कोणता गुण दिसतो?
३. 'तोडीस तोड असणे', 'उंबरठ्यावर असणे' यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
४. 'खेळ आणि अभ्यास' या विषयावर दहा ओळी लिहा.